जुन्या ट्रेलरचं छप्पर बदलायचंय? पत्रा नंतर निवडा, आधी जोड मोजा

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये रात्री साडेदहाला तात्यांचा फोन आला. "अरे, तुझा तो चकचकीत टेप काय कामाचा नाही बघ. स्विचच्या डब्यातनं पाणी ठिबकतंय."

मी साताऱ्यात, ते मिरजेत. फोनवर एवढंच म्हणालो की बाहेरून येणारी वायर जिथून जोडली आहे तिथला मेन बंद करा, डब्याला हात लावू नका आणि काकूंना आधी बाहेर काढा. त्या रात्री कुणाला काही झालं नाही. पण तो टेप लावायचा सल्ला माझा होता, म्हणून हा लेख.

तात्या म्हणजे माझे काका. त्यांचं घर सांगलीत, नदीच्या बाजूला. त्यांच्याकडे एक जुना ट्रेलर आहे. १४ फूट लांब, ७ फूट रुंद, नव्वदच्या दशकात कुणीतरी सर्व्हेच्या कॅम्पसाठी बांधून घेतलेला. आत दोन बाक, छोटा ओटा, एक कपाट. दिवाळीनंतर तो बोलेरोला जोडून पसरणीच्या घाटाने वर जातो आणि मेपर्यंत महाबळेश्वरच्या बाजूला एका ओळखीच्या शेतावर राहायला भाड्याने दिला जातो. पावसाळ्यात परत मिरजेला, उंचावरच्या एका प्लॉटवर. हौसेचं प्रकरण वाटेल, पण २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा काका-काकू सतरा दिवस याच ट्रेलरमध्ये राहिले. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. त्यामुळे "भंगारात घाला आणि मोकळे व्हा" हा पर्याय आमच्या घरात कुणी तोंडावर आणत नाही.

माझं काय चुकलं

मूळ छप्पर असं होतं: लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर साधा कमर्शिअल प्लाय, त्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे चार तुकडे आडवे जोडलेले. म्हणजे छपरावर तीन आडवे जोड, चारी कडांना चार, शिवाय हवा जाण्याच्या झडपेभोवती एक. आदल्या वर्षी एका जोडातून ओल आली. मी सुचवलं की अॅल्युमिनियमचा मुलामा असलेला डांबरी चिकट टेप लावा आणि कडेला सिलिकॉन भरा. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतं, अर्ध्या तासाचं काम.

टेपने ते एक तोंड बंद केलं. पाणी दुसऱ्या जोडातून शिरत राहिलं आणि आता ते बाहेर सुकून जायची वाटही बंद झाली. वर्षभराने पत्रा उचलला तेव्हा खालचा प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा हातात आला. डांबर उन्हाने पातळ होऊन पसरलं होतं. सिलिकॉनचा वेगळाच त्रास. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं, जस्ताच्या मुलाम्याला ते खातं. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर नंतर दुसरं काहीही नीट चिकटत नाही. रंग नाही, गोंद नाही, दुसरं सिलिकॉनसुद्धा नाही. ते खरवडायला आमचे दोन दिवस गेले.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती. आत जिथे ठिबकतं, तिथे वर भोक नसतं. पाणी छपराच्या पट्टीवरून वाहत जाऊन सोयीच्या जागी खाली उतरतं. आमच्याकडे ते पुढच्या जोडातून शिरत होतं आणि आठ फूट मागे, बरोबर स्विचच्या डब्यावर बाहेर पडत होतं. गळती शोधायची खात्रीची युक्ती अशी: खिडक्या-दारं बंद करून फटींना चिकटपट्टी लावायची, एका खिडकीतून पंख्याने किंवा ब्लोअरने आत हवा भरायची, मग छपरावरच्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथे बुडबुडे येतील तिथे तोंड. सायकलचं पंक्चर शोधतात तसंच, फक्त टायर १४ फुटांचा.

ट्रेलर म्हणजे घर नव्हे

घराचं छप्पर जागेवर असतं. ट्रेलरचं छप्पर खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून, घाटातून जातं आणि दर वळणाला किंचित पिळवटतं. त्यात ऊन. मिरजेच्या मे महिन्यात दुपारी उघडा पत्रा सहज ६० अंशांच्या पुढे जातो, महाबळेश्वरला जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. म्हणजे ५० अंशांचा फरक धरायलाच हवा.

आता हिशेब करा. १४ फूट म्हणजे साधारण ४.३ मीटर. एवढ्या लांबीचा लोखंडी पत्रा ५० अंशांना अडीच मिलिमीटरच्या थोडा वर वाढतो. अॅल्युमिनियम जवळजवळ पाच मिलिमीटर. फायबरचं छप्पर पाच ते सहा. पारदर्शक पॉलिकार्बोनेट तर चौदा-पंधरा! आणि खालचं लाकूड त्याच्या लांबीच्या दिशेने? उष्णतेने जेमतेम एक. म्हणजे वरचा थर आणि खालचा सांगाडा रोज एकमेकांवरून सरकणार. दोघांना तुम्ही स्क्रूने घट्ट आवळलंत, की काहीतरी सैल होणारच. बहुतेक वेळा स्क्रूचं भोक मोठं होतं आणि तिथून पाणी शिरतं.

शिवाय पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीत सहाशेच्या आसपास. आमचा ट्रेलर भर पावसात वर नसतो, त्यामुळे त्याची खरी परीक्षा ऊन, वळवाच्या गारा आणि मिरजेतला परतीचा पाऊस. तुमचा ट्रेलर बाराही महिने घाटमाथ्यावर असेल तर पुढचं गणित थोडं बदलेल, ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

वजनाचं भान सगळ्यात आधी. छपरावरचं प्रत्येक किलो जमिनीपासून सात-आठ फूट उंचीवर असतं. ते खाली असतं तर चाललं असतं, वर असलं की पसरणीच्या वळणांवर ट्रेलर झोकांड्या खातो. आमचं छप्पर साधारण नऊ चौरस मीटरचं आहे, खालचे आकडे त्याच हिशेबाने.

काय काय पाहिलं

पहिला विचार अर्थातच पुन्हा तोच जस्ताचा पत्रा. अर्धा मिलिमीटर जाडीचा घेतला तर ३५-३६ किलो. स्वस्त, कुठेही मिळतो, कुणीही बसवतो. पण कापलेल्या कडेला आणि प्रत्येक भोकाला मुलामा उडालेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो. शेडवर ठीक आहे, तिथे उतार असतो. सपाट छपरावर पाणी साचून राहतं. नाही म्हटलं.

शेडसाठी मिळणारे पफचे सँडविच पॅनेल मला फार आवडले होते, कारण पत्रा आणि उष्णतारोधक थर एकत्रच येतात. ३० मिलिमीटरचं पॅनेल चौरस मीटरला नऊ किलोच्या आसपास भरतं. आमच्या छपराला ८० किलो. संपला विषय.

दुकानांच्या पाट्यांना लावतात ते एसीपी कुणीतरी सुचवलं. दिसायला देखणं. पण आतला गाभा साध्या प्लास्टिकचा असेल तर तो पेट घेतो, आणि ट्रेलरमध्ये गॅसची शेगडी असते. वर, कापलेल्या कडेतून पाणी गेलं की थर सुटतात. तेही नको.

खरी स्पर्धा तिघांत होती: रबराची चादर, फायबर आणि अॅल्युमिनियम.

रबर म्हणजे ईपीडीएम. अमेरिकेत ट्रेलरच्या छपरांवर ते अनेक वर्षं वापरतात. आपल्याकडे शेततळ्याच्या अस्तरासाठी आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी मिळतं. मी याच्याच बाजूचा होतो. कारण सरळ आहे. सात फूट रुंद छपरावर एकच अखंड चादर बसते, जोड शून्य. रबर ताणलं जातं, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नही मिटतो. सव्वा मिलिमीटर जाडीच्या चादरीचं वजन १३ किलोच्या आसपास. मात्र ती नुसती अंथरता येत नाही, खाली गुळगुळीत प्लाय लागतो. सहा मिलिमीटरचा प्लाय आणखी ३८ किलो घालतो. दोन अडचणी निघाल्या. एक, ईपीडीएमला डांबर आणि तेलकट पदार्थ चालत नाहीत, ते फुगतं. माझ्या टेपचं डांबर सगळ्या सांगाड्याला फासलेलं होतं! ते पुसून काढता आलं असतं. दुसरी अडचण काकूंनी काढली. "वर माकडं आहेत रे. छपरावर नाचतात, झडप उपटायला बघतात. रबर टिकेल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जंगलाच्या कडेला, वाळक्या फांद्या पडणाऱ्या जागी, दीड मिलिमीटरपेक्षाही पातळ रबर म्हणजे जरा धाडसच. उघड्यावर, झाडं आणि माकडं नसलेल्या जागी मी आजही ईपीडीएमच सांगेन.

फायबरचं, म्हणजे एफआरपीचं, काम आपल्याकडे चांगलं होतं. पाण्याच्या टाक्या आणि बोटी करणारे कारागीर काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन जागेवरच थरावर थर लावून एकसंध कवच तयार करतात. इथेही जोड शून्य. तीन मिलिमीटर जाडी धरली तर ४० किलोच्या आसपास. तुमचा ट्रेलर वर्षभर घाटमाथ्यावर उभा राहणार असेल, प्रवास कमी असेल, तर माझं मत फायबरला. माकडाला दाद देत नाही, गंजत नाही. पण काम कोरड्या हवेतच व्हायला हवं, दमटपणात रेझिन नीट आवळत नाही. उन्हाने वरचा थर कालांतराने खडूसारखा भुरभुरतो, म्हणून जेलकोट किंवा रंग लागतोच. आणि स्वतः करायला जाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हार्डनर आणि कोबाल्टचा अॅक्सिलरेटर हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच दुसरा घालायचा.

मिस्त्रींनी काय दाखवलं

कुपवाडला ट्रकच्या आणि टेम्पोच्या बॉडी बांधणाऱ्या एका मिस्त्रींना तात्यांनी बोलावलं. त्यांनी छपरावर चढून तळव्याने थापट्या मारल्या, आवाज ऐकला, मग खाली उतरून म्हणाले, "सायेब, पत्रा कुटला बी लावा. गळतोय त्यो जोड. ह्या छपरावर आठ जोड हायेत, ते किती करायचे ते सांगा."

मी इतके दिवस साहित्याची तुलना करत बसलो होतो, आणि प्रश्न हा होता.

त्यांचा कल अॅल्युमिनियमकडे होता. लालपरीच्या बॉड्या वर्षानुवर्षं अॅल्युमिनियमच्याच होत्या. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या एसटी कार्यशाळांत त्या बांधल्या जायच्या, अलीकडे पोलादी सांगाड्याच्या गाड्या आल्या. त्यामुळे पत्रा वाकवणारा आणि रिव्हेट मारणारा हात आपल्या भागात गावोगावी सापडतो. घाटात काही उचकटलं तर वाईचा किंवा साताऱ्याचा फॅब्रिकेटरही दुरुस्त करू शकेल, रबराचा खास गोंद शोधत पुण्याला जावं लागणार नाही. मला हा मुद्दा पटला. दुरुस्त करणारा माणूस किती जवळ आहे, हाही साहित्याचाच गुण धरायला हवा.

पण खरी गंमत मोजमापात होती. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा गुंडाळा चार फूट रुंदीचा मिळतो आणि लांबी हवी तेवढी कापून देतात. छप्पर सात फूट रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेतीन फूट, ४२ इंच. पत्रा ४८ इंचांचा. उरलेले पाच-सहा इंच कडेवरून खाली, भिंतीवर वाकवायचे. म्हणजे छपराच्या कडेला जोडच राहत नाही! पाणी वाकलेल्या पत्र्यावरून थेट खाली जातं. आडवे तीन जोड गेले, बाजूचे दोन गेले. राहिला तो मधोमध एक उभा जोड, पुढच्या-मागच्या टोकाचे दोन आणि झडपेचा एक. आणि मधला जोड सगळ्यात उंच जागी, कारण मिस्त्रींनी सांगाड्याच्या नव्या पट्ट्या मध्यभागी ४० मिलिमीटरने उंच ठेवल्या. सपाट छपराला कौलारू घरासारखी थोडी पाठ आली. पाणी जोडाकडे येत नाही, जोडापासून पळतं.

एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, टोकांना वाकवायची जागा धरून १५ फुटांचे दोन तुकडे, एकूण वजन ३० किलो. जुन्या जस्ताच्या पत्र्याहून कमी. फार शुद्ध, मऊ अॅल्युमिनियम घेऊ नका, ते गारांनी पोचतं. ३००३ किंवा ५०५२ या जातीचं मागा.

बसवताना जे कळलं

सगळा कुजका प्लाय काढला, सगळा म्हणजे सगळा. "इथला बरा दिसतोय, राहू दे" हा मोह तात्यांना झाला होता. मी टोच्या टोचून दाखवला, आत गेला. नवा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे मरीन. या दर्जाच्या प्लायची चिकटण ७२ तास पाण्यात उकळून तपासली जाते. तो आम्ही पूर्ण छपरावर न घालता फक्त कडेला आणि मधल्या जोडाखाली पट्ट्यांच्या रूपात घातला, वजन वाचलं. मधल्या खणांत उष्णतारोधक फोमचे तक्ते बसवले.

अॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून जिथे लोखंडी कोन होते तिथे रंगाचे दोन हात आणि मध्ये ब्यूटाइलची पट्टी. ब्यूटाइल म्हणजे च्युइंगमसारखा राखाडी चिकट टेप, तो कधीच पूर्ण कडक होत नाही. जोडाच्या आत तोच दाबायचा, बाहेरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंट. आम्ही सिलिकॉनची नळी ट्रेलरच्या आसपासही फिरकू दिली नाही.

पत्र्याच्या मधल्या भागात एकही भोक नाही. तिथे पट्ट्यांवर पॉलियुरेथेनच्या गोंदाच्या जाड ओळी, तीन मिलिमीटर उंचीच्या, म्हणजे पत्रा थोडा सरकला तरी गोंद रबरासारखा ताणला जातो. रिव्हेट फक्त कडांना आणि मधल्या जोडाच्या टोपीपट्टीला, तेही बंद तोंडाचे. साध्या पॉप रिव्हेटच्या मधून पाणी झिरपू शकतं. लांबीच्या मध्यावरचे रिव्हेट घट्ट, टोकांकडे जाताना भोकं लांबट. त्या पाच मिलिमीटरांना अर्धे पुढे, अर्धे मागे जायला जागा मिळते. शेवटी एच प्रायमर आणि वर पांढरा रंग. उघडं अॅल्युमिनियम चकाकतं म्हणून थंड राहील असं वाटतं, पण घेतलेली उष्णता ते बाहेर टाकायला फार आळशी असतं. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

छपराचं माप आणि ट्रेलरचं वजन फारसं बदललं नाही, म्हणून आमचं कागदांचं काम वाढलं नाही. तुम्ही उंची वाढवणार असाल किंवा नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असं काही करणार असाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या.

विजेचा डबा आता खाली, दाराजवळ आला आहे, आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे. हे काम खरं तर छपराच्याही आधी करायला हवं होतं.

डिसेंबरात वरून पुन्हा फोन. "परत गळतंय." माझ्या पोटात गोळा आला. जाऊन पाहिलं तर थेंब पत्र्यातून नव्हते, पत्र्याला आतून घाम आला होता. दोन माणसं, बंद खिडक्या, रात्री केलेला चहा आणि बाहेर कडाक्याची थंडी. श्वासातली वाफ थंड धातूला लागून ठिबकत होती. फोमच्या तक्त्यांच्या कडा मोकळ्या राहिल्या होत्या, त्या टेपने बंद केल्या आणि झडप बोटभर उघडी ठेवायला सांगितली. तेव्हापासून थेंब नाही. अॅल्युमिनियम घेणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच धरून चालावी. फायबरला आणि रबराखालच्या प्लायला घाम कमी येतो.

यंदाच्या मेमध्ये वळवाच्या गारांनी दोन पोचे पडले आहेत, काकूंना ते रोज दिसतात. पाऊस पडताना आवाजही जास्त येतो. पण जूनपासून परतीच्या पावसापर्यंत आत टिपूस नाही.

जोड तपासायला आम्ही दसरा ठरवलाय. गाड्या धुतो तेव्हा शिडी लावून छपरावर एक नजर टाकायची, सीलंटला कुठे चीर दिसली तर त्याच दिवशी भरायची. परवा पूजा झाली आणि तात्या झेंडूचा मोठा हार घेऊन आले. छपराच्या पुढच्या कडेला लावायला त्यांनी छोटा खिळा मागितला. मी सुतळी दिली.